स्टेंटचे पेढे, गोळीची लाज

आपल्या लोकांत अँजिओप्लास्टी हा चारचौघांत सांगण्याचा विषय आहे. मंडळाच्या कोजागरीला मसाला दुधाचा कप हातात धरून एखादे गृहस्थ ती प्रवासवर्णनासारखी सांगतात. कुठलं हॉस्पिटल, कोण डॉक्टर, नळी मनगटातून घातली की जांघेतून, समोरच्या पडद्यावर स्वतःचंच हृदय कसं धडधडताना दिसत होतं. "दोन ब्लॉक होते, दोन्ही मोकळे करून घेतले." गड सर केल्याचा सूर असतो. त्याच गृहस्थांना विचारा, रात्री झोपताना कुठली गोळी घेता? आवाज लगेच खाली येतो. "आहे एक कोलेस्टेरॉलची. पण बंदच करायचीय आता."

एका उपचाराचे पेढे वाटायचे आणि दुसऱ्याची लाज बाळगायची, या सवयीशी माझं भांडण आहे. ही सवय घातक आहे, आणि परदेशात राहणाऱ्या आपण मंडळींनी ती सोडली तर नाहीच, उलट तिला डॉलर, पाउंड आणि दिरहमचं बळ दिलं आहे.

आधी माझ्याबद्दल एक खुलासा. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते पीएचडीचं. मी मँचेस्टरमध्ये रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर पोस्टडॉक संशोधन करते, पेशंट तपासत नाही. त्यामुळे हा लेख वाचून कोणीही स्वतःची एकही गोळी सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नये. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही होत असेल, तर लेख बाजूला ठेवून आधी रुग्णवाहिका बोलवावी. त्या वेळी, म्हणजे झटका चालू असताना, लवकरात लवकर केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याव्यतिरिक्तच्या वेळेबद्दल.

आपल्या डोक्यातलं हृदयाचं चित्र न्हाणीघरातल्या नळासारखं असतं. पाइप तुंबला, प्लंबर आला, तार घातली, पाणी धो धो सुरू. चित्र सोपं आहे, पडद्यावर दिसतंही तसंच. पण रक्तवाहिनी म्हणजे लोखंडी पाइप नव्हे, ती जिवंत असते. कोलेस्टेरॉल तिच्या आतून गंजासारखं चिकटत नाही, ते अस्तराच्या खाली, भिंतीत शिरतं. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी धावून येतात, ते गिळतात, फुगतात, मरतात, आणि भिंतीत सुजलेल्या गळवासारखं काहीतरी तयार होतं. वर एक पातळ आवरण असतं. एखाद्या दिवशी ते फाटतं. आतला ऐवज रक्ताला लागताक्षणी शरीर त्याला जखम समजून त्यावर रक्ताची गुठळी बसवतं आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. बहुतेक झटके असे येतात. आणि अनेकदा अशा जागी येतात, जिथे आधीच्या अँजिओग्राफीत वाहिनी फारशी अरुंद दिसलेलीच नसते.

जिना चढताना छातीत भरून येतं आणि थांबलं की जातं, ते दुखणं वेगळं. तिथे वाहिनी हळूहळू अरुंद झालेली असते, आणि हृदयाची मागणी वाढली की पुरवठा अपुरा पडतो. स्टेंट या अरुंद जागेला आधार देतो. पण स्टेंटची लांबी असते दोन-तीन सेंटिमीटर. भिंतीतला आजार मात्र तिन्ही मुख्य वाहिन्यांत आणि त्यांच्या फांद्यांत कमी-जास्त प्रमाणात पसरलेला असतो. गावच्या एका रस्त्यावरचा खड्डा बुजवून पावसाळा संपत नाही. उरलेल्या सगळ्या लांबीवर काम करू शकतं ते रक्तातून फिरणारं औषध. आणि त्याच औषधाला आपण "नुसत्या गोळ्यांवर ठेवलंय" म्हणतो. त्या 'नुसत्या' शब्दावर माझा राग आहे.

या नुसत्या गोळ्या काय करतात ते पाहू.

ॲस्पिरिन रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. आवरण फाटलं तरी वर बसणारी गुठळी मोठी होऊ नये, हे तिचं काम. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत, हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांत, नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ११.८ टक्के लोक पाच आठवड्यांत हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. महिनाभर रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.४ टक्के होतं. चहाच्या एका कपापेक्षा स्वस्त गोळीने एवढे जीव वाचले.

बीटा-ब्लॉकर हृदयाचे ठोके मंदावतो. हृदयाचा स्नायू स्वतःसाठीचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत घेतो. ठोके मंदावले की ही विश्रांती लांबते, म्हणजे मागणी घटते आणि पुरवठ्याला वेळ मिळतो. सर जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात नेमका हाच विचार करून प्रोप्रॅनोलॉल घडवलं आणि १९८८चं नोबेल मिळवलं. जिभेखालची गोळी किंवा फवारा म्हणजे नायट्रोग्लिसरीन, डायनामाइटमधला तोच पदार्थ. विल्यम मरेल या लंडनच्या डॉक्टरांनी १८७९ साली त्याचा छातीच्या दुखण्यावरचा उपयोग दाखवून दिला. त्याने वाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. तो दुखणं थांबवतो, भिंतीतला आजार नाही. आणि जाता जाता एक गोष्ट, जी आपल्याकडे संकोचापायी कोणी सांगत नाही: व्हायग्रासारखी गोळी घेतलेली असताना हे औषध घेतलं, तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. डॉक्टरांपासून ते लपवू नका.

आणि सगळ्यांत जास्त शिव्या खाणारी स्टॅटिन. जपानमधल्या अकिरा एन्डो यांनी सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासत तपासत १९७३ साली एका हिरवट बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. ती बुरशी क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर मिळाली होती. "मी केमिकल घेत नाही, नैसर्गिकच घेतो" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. स्टॅटिनमुळे यकृत कोलेस्टेरॉल कमी बनवतं आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं. भिंतीत शिरणारा माल घटतो, सूज उतरते, गळवावरचं आवरण जाड आणि चिवट होतं. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. साधारण साडेपाच वर्षांत नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण गेले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. तो ७४ जणांचा फरक म्हणजे ७४ घरं.

आता मूळ मुद्दा. झटका आलेला नाही, श्रमाने दुखतं आणि बसलं की थांबतं, अशा स्थिर रुग्णाला औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास दिला तर आयुष्य वाढतं का? हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला आहे. २००७ साली करेज या चाचणीने २,२८७ रुग्णांत विचारला. २०२० साली इस्कीमिया या चाचणीने भारतासह ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांत विचारला, आणि हे रुग्ण मध्यम ते तीव्र रक्तपुरवठा कमी असलेले होते. दोन्हीकडे उत्तर तेच आलं. चांगली, पूर्ण औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांचे मृत्यू आणि झटके त्या वर्षांत लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार दुखत होतं त्यांचं दुखणं कमी झालं, हा फायदा खरा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, लंडनच्या संशोधकांनी केलेल्या ऑर्बिटा चाचणीत २०० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना खरा स्टेंट घातला आणि उरलेल्यांवर नुसतं तसं नाटक केलं. औषधं नीट चालू असताना दोन्ही गटांच्या चालण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच गटाने २०२३ साली दुखण्याची औषधं बंद ठेवून पुन्हा चाचणी केली, तेव्हा स्टेंटने दुखणं नकली शस्त्रक्रियेपेक्षा स्पष्ट कमी झालं. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. पण तो मुख्यतः दुखण्यावरचा उपाय आहे. "माझा धोका टळला" हे प्रमाणपत्र तो देत नाही.

अपवाद आहेत, आणि ते लपवले तर मीही त्या गृहस्थांइतकीच एकांगी ठरेन. डाव्या बाजूची मुख्य वाहिनीच अरुंद असेल, हृदयाची ताकद बरीच घटली असेल, औषधं घेऊनही दुखणं आवरत नसेल, तर गणित बदलतं. अशा रुग्णांना इस्कीमिया चाचणीत घेतलंच नव्हतं. हे ठरवायला डॉक्टर हवा. पण 'ऐंशी टक्के ब्लॉक' हा आकडा ऐकून मध्यरात्री घाबरलेला नातेवाईक ठरवणारा नको.

आणि इथे आपली, परदेशस्थांची, गाठ पडते.

वडिलांना ठाण्यात किंवा नाशकात जिना चढताना दुखतं. तपासणी होते, ब्लॉक निघतो. रात्री अकराला ग्रुप कॉल लागतो. एक मुलगा न्यू जर्सीत, मुलगी दुबईत, पुतण्या डॉक्टर पण त्वचेचा. तिघांच्याही मनात एकच गोष्ट ठसठसत असते: आपण तिथे नाही. ही बोच शमवायला काहीतरी ठोस हवं असतं. स्टेंट ठोस आहे. त्याला तारीख असते, बिल असतं, पैसे पाठवता येतात, दहा दिवसांची रजा काढून जाता येतं, आणि परतताना विमानात कर्तव्य पार पडल्याचं समाधान असतं. पुढची वीस वर्षं रोज रात्री एक गोळी पोटात जाते की नाही हे पाहणं, याची पावती कोणी देत नाही. म्हणून पैशाने पाठवता येतो तो उपचार आपल्याला थोर वाटतो, आणि नुसतं लक्ष मागतो तो किरकोळ. हे आई-वडिलांचं हित पाहणं नाही. ही आपल्या अपराधी मनाची मलमपट्टी आहे, आणि तिचा खर्च त्यांच्या छातीवर पडतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. बातमी आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवली, आणि ते योग्यच होतं. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्युअर या अभ्यासातला आकडा कोणी कोणाला पाठवला? आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांपैकी स्टॅटिन घेणारे श्रीमंत देशांत ६६.५ टक्के होते. भारताचा समावेश असलेल्या गरीब देशांच्या गटात ३.३ टक्के. हे निरोगी लोक नव्हेत. एकदा यमाची चाहूल लागून परत आलेल्यांचा हा आकडा आहे.

आता नेहमीचे आक्षेप.

"गोळी एकदा सुरू झाली की कायमची लागते." लागते, कारण आजार कायमचा आहे. चष्मा कायमचा लागतो म्हणून कोणी आंधळेपणाने रस्ता ओलांडत नाही. गोळीची सवय लागत नाही. बंद केली की कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत मूळ पदावर येतं, एवढंच. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे आपल्यात इतके आहेत, की त्यांचं वेगळं मंडळ काढता येईल. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे, हे सांगायची वेळ येऊ नये.

"त्या गोळीने पाय दुखतात." काहींचे खरंच दुखतात. स्नायूंना गंभीर इजा क्वचित होते, रक्तातली साखर किंचित वाढू शकते, काही औषधांशी आणि ग्रेपफ्रूटशी जमत नाही. हे खरे तोटे आहेत. पण लंडनच्याच सॅमसन चाचणीचं ऐका, २०२०ची आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या: चारांत स्टॅटिन, चारांत नकली गोळ्या, चार रिकाम्या. त्रासाची नोंद रोज शंभरपैकी गुणांत. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि नकली गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला ९० टक्के भाग गोळी घेतल्याच्या धास्तीतून येत होता. आपल्याकडे ही धास्ती रोज सकाळी 'सुप्रभात'च्या फुलासोबत फोनवर येते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस बदलतो, गोळी बदलते, दुसऱ्या जातीची औषधंही आहेत. गुपचूप कचऱ्याच्या डब्यात टाकणं हा उपाय नाही.

"आम्ही शाकाहारी, रोज चालतो, व्यसन नाही." उत्तम, चालू ठेवा. पण इंटरहार्ट या अभ्यासात पहिला झटका येण्याचं मध्यम वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ होतं, इतरांत सुमारे ५९. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून लिहिला आहे. ब्रिटनमधल्या धोका मोजण्याच्या गणितातही वंशाचा रकाना असतो. साबुदाण्याची खिचडी शाकाहारीच असते, आणि श्रीखंडही.

"त्यापेक्षा अर्जुनाची साल बरी." अर्जुन घेणाऱ्यांचे मृत्यू घटल्याचं दाखवणारी, वर सांगितली तशी एकही मोठी चाचणी झालेली नाही. ४,४४४ माणसांच्या पुराव्यासमोर "आमच्या काकूंना गुण आला" हा पुरावा मी ठेवणार नाही.

उलट बाजूचा अतिरेकही आपल्यातच आहे. गोळीची लाज बाळगणारे काही जण स्वतःच्या मनाने मात्र रोज ॲस्पिरिन घेतात, "रक्त पातळ राहतं" म्हणून. ज्यांना हृदयाचा आजार झालेलाच नाही अशांमध्ये, विशेषतः साठीनंतर, तिचा फायदा आणि रक्तस्रावाचा तोटा जवळजवळ फिटतात. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०२२ साली साठीपुढच्या लोकांनी ती त्यासाठी नव्याने सुरू करू नये असं सांगितलं. झटक्यानंतर जीव वाचवणारी तीच गोळी निरोगी माणसाच्या पोटात रक्तस्राव करू शकते. औषध कोणाला, केव्हा, कशासाठी, हे महत्त्वाचं. भक्ती आणि तिरस्कार दोन्ही घराबाहेर ठेवा.

डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. दहा मिनिटांच्या भेटीत तीन गोळ्या वाढवायच्या आणि एकीचंही काम समजावून सांगायचं नाही, हे मँचेस्टरमध्ये होतं आणि मिरजेतही होतं. सत्तरीच्या आजींच्या हातात इंग्रजीतला बारीक अक्षरांचा कागद द्यायचा आणि वर त्या गोळ्या चुकवतात म्हणून तक्रार करायची, हा अन्याय आहे. माझ्या ओळखीतल्या एका काकांना स्टेंट घातल्यावर चार महिन्यांनी दाढ काढायची होती. कोणीतरी सांगितलं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करा. त्यांनी दोन्ही बंद केल्या आणि पुन्हा कधी सुरू करायच्या हे कोणीच सांगितलं नाही. तीन आठवड्यांत नव्या स्टेंटमध्येच गुठळी झाली. काका वाचले, पण आता बाथरूमपर्यंत चालताना थांबतात. मुलगा परदेशात. स्टेंटचे पैसे त्याने एका तासात पाठवले होते. गोळ्यांचं तो विचारत नव्हता, आणि हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता त्या थांबवायच्या नसतात हे त्याला कोणी बजावलंही नव्हतं.

म्हणून आपल्या मंडळींकडे माझ्या मागण्या आहेत. रविवारच्या फोनवर "जेवलात का" नंतर "गोळ्या घेतल्या का" विचारा, आणि महिन्यातून एकदा पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. औषधाच्या ब्रँडचं नाव देशागणिक बदलतं, म्हणून मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेली मराठीतली यादी पाकिटात ठेवा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे येतात तेव्हा चकल्यांच्या आधी औषधांची मोजदाद करा, चौथ्या महिन्यात संपली म्हणून एक दिवसाआड घेऊ देऊ नका. नियोजित स्टेंटचा सल्ला मिळाला तर पैसे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. याने दुखणं कमी होईल की आयुष्य वाढेल? औषधं पूर्ण मात्रेत देऊन पाहिली का? नंतरच्या गोळ्या किती काळ, आणि त्या कोण पाहणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

आणि तुम्ही स्वतः चाळिशी ओलांडली असेल, तर आपलं कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तुम्हाला ठाऊक आहेत का? इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी मोफत तपासणीचं पत्र येतं. आपल्यापैकी किती जणांकडे ते फ्रिजवर चुंबकाखाली पडून आहे, हे मी घराघरांत पाहिलं आहे.

पुढच्या कोजागरीला कोणी अँजिओप्लास्टीची कथा रंगवायला लागलं, तर जरूर ऐका. संपली की सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात विचारा: आणि गोळ्या? दूध गार झालं तरी चालेल, उत्तर मिळेपर्यंत हलू नका.